पिशवीतले कागद

२०१६ च्या पावसाळ्यात एक बाई माझ्या ऑफिसात आल्या. तालुक्याचं कोर्ट, त्याच्यासमोर टायपिस्टांची रांग, आणि त्या रांगेच्या मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझी खोली. बाई पन्नाशीच्या होत्या. हातात कापड दुकानाची पिशवी, पिशवीत सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला आणि एका दस्ताची झेरॉक्स. बरोबर आलेला मुलगा दाराशीच उभा राहिला. मी कागद काढून घेतले आणि वकिलाच्या सवयीनं पहिला प्रश्न विचारला, "ताई, वडील कधी वारले?"

प्रश्न बिनमहत्त्वाचा नव्हता. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानंच मुलाइतकी सहहिस्सेदार ठरली. पण २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ या निकालात सांगितलं, की त्या दिवशी बाप आणि मुलगी दोघंही हयात असायला हवेत. या बाईंचे वडील २००१ सालीच गेले होते. दोन भाऊ, एक बहीण, सहा एकर बागायत. आमच्या हिशेबानं तिसरा हिस्सा मिळण्याऐवजी सहावा पदरात पडत होता. आणि तोही कुठला? पिशवीतला शेवटचा कागद नोंदणीकृत हक्कसोड पत्र होता. त्यावर बाईंचा फोटो, सही, अंगठा, दुय्यम निबंधकाचा शिक्का. तारीख २०११ ची. असा दस्त रद्द करून मागायला मुदत तीन वर्षांची. कागदावरून पाहिलं तर प्रकरण संपलेलं होतं.

बाईंनी माझ्या प्रश्नाचं उत्तर लगेच दिलंच नाही. त्या म्हणाल्या, "आई गेली तेव्हा मला सकाळी कळवलं नाही वकीलसाहेब. दुपारी कळवलं. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं."

या जागी बहुतेक वकील अशिलाला थांबवतात. मीही पूर्वी थांबवत आलो होतो. बाहेर चार माणसं बसलेली असतात, अकराला बोर्ड सुरू व्हायचा असतो, आणि आईच्या मरणाची वेळ हा दाव्याचा मुद्दा नसतो. त्या दिवशी कोर्टाला सुटी होती म्हणून असेल, किंवा बाईंचा आवाज ज्या तऱ्हेनं सपाट होता त्यामुळे असेल, मी पेन खाली ठेवलं. त्या पाऊण तास बोलल्या. आईचं आजारपण, भावजयांची बोलणी, माहेरच्या अंगणातली विहीर. मग मध्येच, जणू काही विशेष नाही अशा स्वरात, त्या म्हणाल्या, की चौदाव्या दिवशी थोरल्या भावानं त्यांना तालुक्याला नेलं. आईच्या जागी वारसांची नोंद करायची आहे, सगळ्यांच्या सह्या लागतात, असं सांगितलं. सही झाल्यावर हॉटेलात बसवून जेवू घातलं. "मला वाटलं, बघा किती काळजी करतोय माझी."

दावा त्या एका वाक्यात होता. दस्त कशाचा आहे हे फसवून सांगितलं असेल, तर तो रद्द करून मागता येतो, आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे तीन वर्षं मोजली जातात ती खरी हकीकत कळल्या दिवसापासून. बाईंना ती कळली रस्ता रुंदीकरणाचा मोबदला आला आणि नोटिशीत त्यांचं नाव नव्हतं तेव्हा, म्हणजे आदल्या हिवाळ्यात. सिद्ध करायला अवघड, पण दावा जिवंत होता. "वडील कधी वारले" या प्रश्नानं मी तो दाराबाहेर घालवणार होतो.

‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द आता कंपन्यांच्या प्रशिक्षणात इतका फिरतो, की वकिलांना तो परका वाटतो. पीटर सालोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना शास्त्रीय लेखात मांडली, आणि १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकानं ती घरोघर पोचवली. सालोव्हे आणि मेयर यांची पुढे पक्की झालेली मांडणी मला वकिलीला जास्त जवळची वाटते, कारण ती कौशल्यांची आहे: भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करणं, ती कशातून आली आणि कुठे वळेल हे समजणं, आणि आपली व समोरच्याची भावना सांभाळणं. यात गोड बोलणं कुठेच नाही. अशिलाच्या पाठीवर हात ठेवणंही नाही. पहिलंच कौशल्य ओळखण्याचं आहे, आणि आपल्या धंद्यात ते थेट पुराव्याशी जोडलेलं आहे. अशील तक्रार सांगतो, कायद्याला घटना लागतात, आणि घटना तक्रारीच्या पोटात बसलेल्या असतात. तक्रार कापून टाकली की तिच्याबरोबर घटनाही जाते.

तीन वर्षांच्या एलएल.बी.त आता मसुदा लेखन, अभिरूप न्यायालय, पर्यायी तंटानिवारण असे प्रात्यक्षिकाचे पेपर आहेत, ही चांगली गोष्ट झाली. पण तिथे विद्यार्थ्याच्या हातात तयार घटनापत्रिका येते. ती कुणाच्या तरी तोंडून, रडण्यातून, उगाच वाटणाऱ्या तपशिलांतून काढावी लागते, हे तो पहिल्यांदा सीनियरच्या ऑफिसात पाहतो, तेही सीनियरला वेळ असला तर. माझ्या मते नव्या वकिलाला पहिलं वर्षभर मसुदे देऊच नयेत. अशिलांच्या हकिकती लिहून घ्यायला बसवावं, आणि माणूस कुठे थांबला, कुठे आवाज चढला, तेही समासात टिपायला सांगावं.

आपल्या अशिलाच्या भावना समजणं त्यातल्या त्यात सोपं. विरुद्ध बाजूच्या माणसाच्या समजणं अवघड, आणि तिथे मला एक जुना खटला आठवतो.

१८९३ साली बॅरिस्टर मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी. पोरबंदरच्या या व्यापाऱ्यानं तय्यब शेट यांच्यावर चाळीस हजार पौंडांचा दावा लावला होता. दोघं एका गावचे आणि नात्यातले. गांधींनी हिशेबाच्या वह्या बारकाईनं वाचल्या आणि त्यांना दिसलं, की आपली बाजू भक्कम आहे. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: हा खटला असाच चालला तर वकिलांच्या फीत दोन्ही घरं बुडतील. त्यांनी दोघांना लवादापर्यंत आणलं. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूनं लागला, सुमारे सदतीस हजार पौंड आणि खर्च.

बहुतेक वकील इथे फाइल बंद करतील. गांधींनी खरं काम इथून पुढे केलं. एवढी रक्कम एकदम भरणं तय्यब शेट यांना अशक्य होतं, आणि दिवाळं निघणं म्हणजे त्या व्यापारी समाजात मरणाहून वाईट. त्या माणसाला पैशापेक्षा अब्रूची भीती जास्त आहे हे गांधींनी ओळखलं आणि आपल्याच अशिलाची समजूत घालून लांब मुदतीचे हप्ते मान्य करवले. त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे, की ही सवलत मिळवणं लवादाला दोघांना राजी करण्यापेक्षाही कठीण गेलं. फाटलेली माणसं जोडणं हेच वकिलाचं काम, हे त्यांना तिथे उमगलं. चोवीस-पंचविशीचा, भारतात वकिली न जमलेला हा तरुण कायद्याच्या ज्ञानात तिथल्या वकिलांच्या पुढे नव्हता. त्यानं समोरच्याची भीती वाचली, आणि आपल्या अशिलाचा राग ओसरेपर्यंत धीर धरला.

उलट बाजूही सांगायला हवी. भावना चुकीची वाचली तर केवढा अन्याय होतो, याचं उदाहरण आपल्याच राज्यात घडलेलं आहे. १९७२ सालच्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. सत्र न्यायालयानं १९७४ साली आरोपींना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ते फिरवलं. भीतीनं गप्प राहणं, असहायपणे शरण जाणं, याला संमती म्हणता येत नाही, असं उच्च न्यायालयाचं म्हणणं होतं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे विरोध नव्हता, असा त्या निकालाचा सूर होता.

रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, दाराबाहेर नातलग, आत वर्दीतली माणसं. त्या मुलीचं शरीर भीतीनं थिजलं असेल ही शक्यता देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाला पटली नाही. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पुढे देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ साली कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवरील अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि तिनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं संमती नव्हती असंच धरून चालावं, हे कलम ११४-अ पुरावा कायद्यात आलं. भीती कशी दिसते याची समज शेवटी संसदेला कायद्यात लिहून द्यावी लागली. मी हे उदाहरण तरुण वकिलांना दरवेळी सांगतो, कारण भावनेची समज हा स्वभावाचा गुण आहे, ज्याला असेल त्याला असेल, असं समजून आपण तो प्रश्न सोडून देतो. त्या मुलीच्या बाबतीत तो कायद्याचा प्रश्न होता.

नंतरच्या कायद्यांनी ही समज थेट कामाच्या पद्धतीत आणली. २०१२ च्या पोक्सो कायद्यात वकिलानं बालकाला प्रश्न थेट विचारायचे नाहीत, ते न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी बालकाला विचारायचे, अशी तरतूद आहे. आक्रमक प्रश्नांना मनाई आहे, साक्षीच्या वेळी बालकाला आरोपी दिसू नये अशी व्यवस्था करायची आहे. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं देशभरात असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रं उभारण्याचे आदेश दिले. खोली बदलली, तसं त्या खोलीत बोलणाऱ्या वकिलाचा आवाजही बदलावा लागतो, आणि तो आदेशानं बदलत नाही.

आता वकिलाच्या स्वतःच्या भावनांविषयी. यावर आम्ही आपसात फार कमी बोलतो. रोज दहा माणसांचं दुःख ऐकायचं, संध्याकाळी घरी जेवायला बसायचं, हे सोपं नसतं. अशिलाचा राग हळूहळू वकिलाच्या अंगात उतरतो. विरुद्ध बाजूचा वकील, जो बाररूममध्ये आपल्याशेजारी चहा पितो, तो शत्रू वाटायला लागतो. नोटिशीची भाषा धारदार होते आणि अशील खूश होतो, कारण त्याला जे बोलता आलं नाही ते कुणीतरी लेटरहेडवर लिहिलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे, की वकील हा अशिलाचा नुसता भोंगा नाही, आणि अशिलाला अनुचित वागण्यापासून रोखण्याचा प्रयत्न करणं हे त्याचं कर्तव्य आहे. ते करायचं तर आधी आपल्या अंगात शिरलेला राग कुणाचा आहे, आपला की अशिलाचा, हे ओळखता यायला हवं.

आणि एक कडू गोष्ट. माणसाची दुखरी जागा ओळखता येणारा वकील ती जागा वापरूही शकतो. बहीण-भावाचं भांडण तेवत ठेवायला फार काही लागत नाही. "तुमच्या भावानं कैफियतीत तुमच्याविषयी काय लिहिलंय बघा" एवढं एक वाक्य दर तारखेला पुरतं. आपल्याकडे अशा माणसाला कज्जेदलाल म्हणतात, आणि त्याला भावना उत्तम कळतात. म्हणून मला नुसती समज पुरेशी वाटत नाही. ती कुणाच्या कामी येते आहे, हे रोज स्वतःला विचारावं लागतं.

बाईंच्या दाव्यात थोरल्या भावाची उलटतपासणी माझ्याकडे होती. आदल्या संध्याकाळी बाई आल्या आणि म्हणाल्या, "त्याला विचारा, आईला औषधपाणी का केलं नाही?" त्या प्रश्नात सात वर्षांचं दुःख होतं. दाव्याशी मात्र त्याचा संबंध नव्हता, आणि नुसतं अपमान करणारे, विनाकारण डिवचणारे प्रश्न रोखण्याचं काम कायद्यानं न्यायालयाला दिलेलं आहे. मी बाईंना नाही म्हटलं. का नाही, ते समजावून सांगायला तासभर लागला. त्या तासाची फी कुठल्याच बिलात बसत नाही, पण तो दिला नसता तर दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यांना वाटलं असतं, की वकीलही भावाला मिळाला.

पिंजऱ्यात थोरला भाऊ घाम पुसत उभा होता. माझ्याकडे बघत होता, बहिणीकडे बघणं टाळत होता. मी आवाज चढवला असता तर तो पाय रोवून उभा राहिला असता. मी त्या दिवसाविषयी विचारलं. किती वाजता निघालात, कुठल्या गाडीनं, जेवण कुठे झालं. तो मोकळा होत गेला. मग विचारलं, "सहीच्या आधी कागद बहिणीला वाचून दाखवला होता का?"

"त्यात वाचून काय दाखवायचं? घरचाच कागद."

तो हे लबाडीनं बोलला नव्हता. बहिणीला कागद वाचून दाखवावा लागतो, ही कल्पनाच त्याला कधी शिवली नव्हती. न्यायाधीशांनी मान वर करून दोघांकडे पाहिलं, ते वाक्य नोंदवून घेतलं, आणि त्याच दिवशी प्रकरण मध्यस्थीकडे पाठवायला दोन्ही बाजूंची हरकत आहे का, असं विचारलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ नं ही वाट २००२ पासून मोकळी आहे. कोणत्या क्षणी ती सुचवावी हे कलमात लिहिलेलं नाही. ते त्या न्यायाधीशांना दिसलं.

मध्यस्थीच्या चार बैठका झाल्या. पहिल्या दोन बैठकांत जमिनीचा विषय निघालाच नाही. आईला अग्नी देताना बहिणीची वाट का पाहिली नाही, यावरच सगळं अडलं होतं. धाकटा भाऊ तिसऱ्या बैठकीत म्हणाला, की गावातल्या वडीलधाऱ्यांनी घाई केली आणि आम्हाला ‘थांबा’ म्हणता आलं नाही. बाई काही बोलल्या नाहीत. चौथ्या बैठकीत विहिरीलगतची सव्वा एकर, विहिरीच्या पाण्यात पाळी आणि मोबदल्यातला तिसरा हिस्सा, असं ठरलं. दावा निकालापर्यंत ओढला असता तर आधी प्राथमिक हुकूमनामा, त्यावर अपील, मग कलेक्टरकडून सरसनिरस वाटप, अशी वाट होती, आणि त्या वाटेवर पक्षकारांची दुसरी पिढी उभी राहिलेली मी पाहिली आहे.

हे २०१९ साली झालं. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट २०२० ला, ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुलीचा हक्क जन्मानं येतो आणि त्यासाठी बाप २००५ साली हयात असण्याची गरज नाही. म्हणजे थांबलो असतो आणि हक्कसोड पत्र रद्द करून घेता आलं असतं, तर दोन एकर मिळण्याची वाट होती. मी बाईंना बोलावून ते सांगितलं. अशिलापासून अशी गोष्ट लपवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही, आणि त्या रागावल्या असत्या तर तो राग ऐकून घेणंही माझंच काम होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, पाण्याच्या पाळीचं जे लिहिलंय ते मुलांनाही लागू राहील ना. राहील, म्हटलं.

माझ्या लक्षात राहिला आहे तो तडजोडीच्या पुरसिशीचा दिवस. मसुदा नेहमीचा होता, वर्षानुवर्षं टायपिस्टाकडे तयार असतो तसा. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर दोन भाऊ एका टोकाला आणि बाई दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. मी मसुदा मोठ्यानं वाचून दाखवत होतो, कारण या कुटुंबात पुन्हा कुठला कागद न वाचता सही होऊ नये असं मला वाटत होतं. सहाव्या कलमाशी आलो: "यापुढे वादी व प्रतिवादी यांचा एकमेकांशी काहीएक संबंध राहिलेला नाही."

"थांबा," बाई म्हणाल्या. "असं नका लिहू."

मी म्हटलं, ताई, ही कायद्याची भाषा आहे, पुढे वाद राहू नये म्हणून घालतात.

"वाद राहणार नाही. पण संबंध राहिला नाही असं नका लिहू."

विरुद्ध बाजूच्या वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. थोरला भाऊ खाली फरशीकडे बघत होता. मी पेन काढलं, ‘संबंध’च्या आधी काकपद करून ‘वाटपाच्या मिळकतींपुरता’ हे शब्द वर लिहिले, आणि दुरुस्तीशेजारी समासात सह्या घ्यायला कागद आधी बाईंपुढे केला. त्यांनी तो बाकावरून भावाकडे सरकवला आणि म्हणाल्या, "तू कर आधी. नीट वाच."